हरणी, बाळासो आणि हिरवं लुगडं

महोत्सवाच्या दिवसांत कोल्हापुरात कुठला प्रयोग बघावा, हे पेपरात छापून येतं. पेठेतली माणसं तो पेपर भडंगाखाली अंथरतात आणि विचारायला जातात दूध कट्ट्यावर, शालूबाईला. हरणी म्हैस उभी, खाली शालूबाई बसलेली, पितळी पेल्यात धारेचा फेस चढतोय, आणि गिऱ्हाईक विचारतंय, "मावशी, आज काय बघायचं?"

शालूबाई मान वर न करता सांगते. "इचलकरंजीवाल्यांचं नाटक बघा. नायिका वाईच जाड हाय, पण रडती खरी." नाहीतर, "लावणीला जावा, पण पुढं बसू नका. तुमच्या शेजारणीचा भाऊ ढोलकीवर हाय. घरात कळंल." शिफारस आणि चहाडी एकाच पेल्यातून मिळायची.

हे सगळं तिला बघायला मिळायचं ते सुनेच्या जिवावर. हरणी भारी मानी. दोनच बायकांना पान्हा सोडायची, शालूबाईला आणि सून स्नेहलला. त्यामुळं महोत्सव लागला की संध्याकाळी स्नेहल म्हशीखाली बसायची आणि सासू नाट्यगृहात. सकाळी गोठ्यात शेण भरताना शालूबाई आदल्या दिवसाचं नाटक सुनेला अख्खं करून दाखवायची. राजा तीच, दासी तीच, मधेच खोकणारे प्रेक्षकही तीच. स्नेहल पाटी हातात धरून हसायची. लग्न झाल्यापासून त्या बिचारीनं एकदाही पडदा वर जाताना बघितला नव्हता. आणि तिचं कौतुक सासूच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. हरणीचं ऐकलं होतं.

यंदा पेठेच्याच मंडळाच्या नाटकात स्नेहलला काम मिळालं, तेही खाष्ट सासूचं. प्रयोग दोन दिवस लागोपाठ, दोन्ही ऐन धारेच्या वेळेला. म्हणजे सारं कोल्हापूर सुनेला बघणार आणि सासू म्हशीखाली. कट्टा बंद ठेवला तरी म्हशीला महोत्सव थोडाच कळतो? वेळ झाली की कास तटतटणारच.

"आत्ती, ऱ्हाऊ दे," स्नेहल म्हणाली. "मी सकाळी गोठ्यात सगळं करून दावते की."

शालूबाईनं घागर जरा जोरात आपटली.

हा आवाज ऐकला बाळासोंनी. बाळासो म्हणजे शालूबाईचे यजमान. तालमीच्या पायरीवर बसून सगळ्या जिल्ह्याच्या कुस्त्या निकाली काढणारा हा माणूस हरणीच्या मात्र वाऱ्याला उभा राहायचा नाही. एकदा तिनं त्यांना सोयऱ्यांसमोर लाथ घातली होती, आणि ती गोष्ट शालूबाईनं कट्ट्यावर कितीतरी वेळा सांगितली होती.

मालकीण आजारी पडली की घरच्या गड्यानं तिचं लुगडं पांघरून धार काढायची, ही खेड्यापाड्यातली जुनी रीत. वासावर म्हैस फसते. पण ती रीत गोठ्याच्या आडोशाला. भर चौकात, पैलवानांसमोर हे करायला छाती लागते.

पहिल्या प्रयोगाच्या संध्याकाळी बाळासो आले ते बायकोचं न धुतलेलं हिरवं लुगडं गुंडाळून. डोक्यावर पदर, पदराखाली झुपकेदार मिशा.

"वैनी," तालमीतले आकाराम वस्ताद म्हणाले, "एक पेला द्या की."

"गप बस आकाराम. म्हस बुजंल."

शालूबाईच्या हातातला पेला हातातच राहिला. "आवो, लोक काय म्हनतील?"

"ते तू उद्या सगळ्यांना सांगशीलच. आता जा. तिसरी घंटा व्हील."

हरणीनं पदर हुंगला. मिशांकडं एकदा बघितलं. थोडा विचार केला आणि पान्हा सोडला. शालूबाई चपला अडकवून निघाली, ती मागं वळून बघत बघत.

नाट्यगृहात ती मागच्या रांगेत बसली. स्नेहल रंगमंचावर आली, पदर कमरेला खोचला आणि मान वर न करता म्हणाली, "वाईच जाड हाय, पण कामाची हाय." अर्धं नाट्यगृह हसलं आणि अर्ध्यानं वळून शालूबाईकडं बघितलं.

"मी असं कधी बोलते?" शालूबाईनं शेजारच्या खुर्चीतल्या पूर्णिमाला, कट्ट्यावरच्या रोजच्या गिऱ्हाइकाला, विचारलं.

"रोज," पूर्णिमा म्हणाली.

शेवटी नाटकातली सून घर सोडून जाते आणि सासू एकटी उरते. स्नेहल तशीच उकिडवी बसली. समोर म्हैस नाही, हातात पेला नाही. नुसत्या रिकाम्या मुठी धारेसारख्या वरखाली होत होत्या, आणि हळूहळू थांबल्या. कुणी खोकलंसुद्धा नाही. एरवी प्रयोगात कोण कोण रडलं याची खबर शालूबाई घेऊन यायची. त्या दिवशी तिला शेजारची पूर्णिमासुद्धा दिसली नाही.

कट्ट्यावर परत आली तेव्हा बाळासो अजून लुगड्यातच होते, आणि पेले घेऊन माणसं नेहमीपेक्षा दुप्पट उभी होती. पाठोपाठ स्नेहल आली, तोंडाचा रंग तसाच. शालूबाईनं नवऱ्याला बाजूला सारलं, खाली बसली, हरणीनं राखून ठेवलेली शेवटची धार काढली आणि फेसाळ पेला सुनेपुढं धरला.

"हितंच पी. सगळ्यांसमोर."

मलकापूरचे कुणी नवखे गृहस्थ उभे होते. त्यांनी विचारलं, "मावशी, उद्या बघण्यासारखं काय हाय?"

आज पहिल्यांदाच शालूबाईनं मान वर केली. "पावणं, उद्या माझ्या सुनंचं नाटक हाय. ते बघा. दुसरं काय बी बघू नका."

स्नेहलनं पेल्यात तोंड लपवलं. फेस पार नाकाला लागला.

"आनि कट्ट्यावर कोन?" बाळासोंनी विचारलं.

"तुमी की. लुगडं सोडू नका, हरणीला सवय झाली."

"मग मला बगायला कोन येनार, सगळे तिकडं गेल्यावर?"

"हरणी हाय न्हवं," शालूबाई म्हणाली आणि सुनेचा रिकामा पेला स्वतःच्या हातानं विसळायला गेली.