तांब्याच्या रंगाची फिरकी

आमचे हे कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा सोबत्यांनी त्यांना मासे धरायची काठी भेट दिली. इतकी वर्षं जेवणाच्या सुट्टीत ह्यांनी त्यांना आमच्या गावच्या खाडीच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्याचंच हे फळ. काठी चांगली लांब आणि जाड होती, समुद्रावर वापरायची. ती बर्मिंगहॅमच्या आमच्या घरात जिन्याखाली आडवीसुद्धा मावेना.

पुढचे काही महिने ती तिथेच तिरकी उभी होती आणि हे खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. टीव्ही चालू, पण आवाज बंद. साखरेच्या डॉक्टरने चालायला सांगितलं होतं. मी रोज म्हणायची, जरा पार्कात जाऊन या. हे म्हणायचे, उद्या. पूर्वी पहाटेच्या पाळीलासुद्धा शीळ घालत निघणारा हा माणूस, आता त्यांना दाढीचाही कंटाळा यायला लागला. मला त्या खुर्चीची भीती वाटायची. असेच बसून बसून माझे वडील गेले होते.

मग वसंतात एका सोबत्याने सांगितलं की वेल्समध्ये त्याच्या बहिणीचं शेत आहे, डोंगरातला ओढा शेतातून वाहतो आणि त्यात ट्राउट नावाचे मासे आहेत. तिने यायला परवानगी दिली. केंब्रिजला असलेल्या मुलाने फोनवरून मासे धरायचं लायसन्स काढून दिलं. त्या रविवारी हे माझ्या आधी उठले आणि चहा करून मला हाक मारली. लग्नानंतर असं कधी झालेलं मला आठवत नाही.

मी आलं-लसूण-मिरचीचं वाटण केलं, हळद-मीठ घालून डबा भरला. कोकमं घेतली, तवा घेतला, छोटी गॅसची शेगडी घेतली, भात करून घेतला. ताजा मासा तिथेच तळायचा असं ह्यांनी ठरवलं होतं. मी म्हटलं, बाजारात तुरी. हे म्हणाले, तू खाडीकाठची ना, मग शुभ बोल.

ओढा पाहिला आणि मला हसू आलं. आमच्या अंगणापेक्षा थोडा रुंद. दोन्ही काठांवर झाडं वाकलेली, खाली दगड, आणि पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस. ह्यांनी पिशवीतून फ्रीजमधली कोलंबी काढली, दोऱ्याला शिशाचा गोळा बांधला आणि खाडीत टाकतात तसा गळ फेकला. गोळा धपकन पडला. काठी झाडात अडकली. पाण्यात दिसत होते नव्हते ते सगळे मासे नाहीसे झाले. शेताची मालकीण वरून बघत होती. ती खाली येऊन सौम्यपणे म्हणाली की इथे खरं आमिष चालत नाही, खोटंच लावायचं. आणि फाटकाच्या खांबावर तिने एक रेघ ओढली आहे, तिच्यापेक्षा लहान मासा परत सोडायचा.

ह्यांनी मग खोटी आमिषं आणली. मोठमोठ्या चकचकीत चकत्या, बोटाएवढे रबरी मासे. दर रविवारी आम्ही जायचो आणि दर रविवारी लोणच्याशी भात खाऊन परत यायचो. पण ह्यांचा चेहरा चांगला दिसायचा. चढ-उतार चालून साखरही खाली आली. मला आणखी काही नको होतं.

जून लागला आणि ह्यांनी काठी परत जिन्याखाली ठेवली. म्हणाले, आता पावसाळा, नारळी पौर्णिमेपर्यंत गळ टाकायचा नाही. मी म्हटलं, अहो, तो नियम समुद्राचा. इथे पाऊस बारा महिने आहे आणि ट्राउटचा मोसम तर सप्टेंबरला संपतो. हे म्हणाले, वडिलांनी मोडला नाही, मी मोडणार नाही. ऐन उन्हाळ्याचे चांगले दिवस असे गेले. हे परत खुर्चीत.

नारळी पौर्णिमेच्या दिवशी मात्र आम्ही नारळ घेऊन वेल्सला गेलो. ह्यांनी बूट काढून ओढ्याला हळदकुंकू वाहिलं आणि नारळ सोडला. समुद्र असता तर लाटेने आत नेला असता. इथे तो दोन हात गेला आणि पलीकडच्या झाडाच्या मुळांत अडकून बसला. हे पुष्कळ वेळ बघत राहिले. मी दुसरीकडे बघितलं, नाहीतर हसले असते.

त्यानंतरही काही लागेना. सप्टेंबर उजाडला. एका रविवारी परतताना गाडीत हे म्हणाले, "महिना संपेपर्यंत बघतो. नाहीतर काठी चॅरिटीच्या दुकानात देऊन टाकू. आता वय झालं." आवाज अगदी साधा होता. मी रस्ता बघत बसले. पूर्ण हिवाळा त्या खुर्चीसमोर कसा काढायचा, तेवढंच डोक्यात फिरत होतं.

मी चौथीपर्यंत शिकले. इंग्रजी मला समजतं, पण तोंडातून निघत नाही. कौन्सिल असो, डॉक्टर असो, हेच बोलतात, मी मान हलवते. तरी त्या मंगळवारी हे झोपले होते तेव्हा मी त्यांची सगळ्यात मोठी चकती रुमालात गुंडाळली आणि बसने मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेले. दारापर्यंत जाऊन परत वळले, बाजूच्या बेकरीच्या काचेत उगाच बघितलं, मग आत गेले.

दुकानात एक उंच म्हातारा होता. मी रुमाल उघडून समोर ठेवला आणि वाटेत जुळवलेलं इंग्रजी सांगितलं: छोटी नदी, वेल्स, नवरा, मासा नाही.

त्याने चकती उचलून बघितली. मग म्हणाला, "बाई, तुमच्या ओढ्यातला मासाच एवढा असेल. ह्याने तो लागणार नाही, पळून जाईल."

त्याने मला स्टूल दिलं आणि एकेक विचारायला लागला. झाडं आहेत का? मी दोन्ही हात डोक्यावर वाकवून दाखवले. मग लांब काठी नको, म्हणाला, आणि माझ्या उंचीपेक्षा थोडीशीच मोठी, वेताच्या छडीसारखी हलकी काठी काढून दिली. दोरा बारीक हवा, आमच्याकडे मोगऱ्याचा गजरा गुंफतात त्याहून बारीक. शिसं अजिबात नको. मग ट्रे उघडला. त्यात पाण्यात ओढली की गरगर फिरणाऱ्या नखाएवढ्या फिरक्या होत्या, मण्यांसारख्या लखलखत्या. चंदेरी, सोनेरी, काळ्या ठिपक्यांच्या. मला तर सगळ्याच घ्याव्याशा वाटल्या. त्याने विचारलं, पाण्याचा रंग कसा? मी म्हटलं, ब्लॅक टी. तो म्हणाला, अगदी बरोबर सांगितलंत, आणि चंदेरी बाजूला सारली. तसल्या पाण्यात तांब्याचा रंग माशाला दिसतो पण बिचकवत नाही. स्वच्छ उन्हात मात्र काळ्या ठिपक्यांची लावा. गळाच्या टोकाशी मासा सुटू नये म्हणून उलटा काटा असतो, तो त्याने पकडीने दाबून सपाट केला, म्हणजे लहान मासा इजा न होता सोडता येतो. मग सांगितलं की प्रवाहाच्या खाली उभं राहून वर फेकायचं, कारण मासा तोंड वरच्या अंगाला करून असतो. आणि दगडामागे, मुळांमागे, जिथे पाणी जरा थांबतं, तिथे तो असतो. आधी गवतावर सराव करा, म्हणाला, गळ काढून.

मी ते सगळं बसमध्ये मनात घोकत आले.

घरी काठी टेबलावर ठेवली. हे रागावतील असं वाटलं होतं. ह्यांनी काठी हलवून बघितली, फिरकी तळहातावर घेतली आणि म्हणाले, "तू एकटी गेलीस? काय बोललीस त्याला?"

मी सांगितलं. छोटी नदी, वेल्स, नवरा, मासा नाही. हे इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग परत म्हणायला लावलं. संध्याकाळी मुलाला फोन करून त्यालाही सांगितलं. मला लाज वाटली, पण वाईट नाही वाटलं.

शेवटचा रविवार ढगाळ होता. हे बूट घालून प्रवाहाच्या खालच्या अंगाला वाकून उभे राहिले, मी झाडामागे. नारळ अजून तिथेच होता, हिरवट पडलेला, त्याच्यामागे फेस साचून पाणी संथ झालेलं. दुकानदाराने सांगितलेली जागा तीच. मी बोट दाखवलं. ह्यांची पहिली फेक गवतात गेली, दुसरी दगडावर. मग एक नारळाच्या अगदी शेजारी पडली, आवाजसुद्धा झाला नाही. फिरकी दोन वेळा चमकली आणि काठी वाकली.

मासा बाहेर आला. सोनेरी पोट, अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकं कडं, जणू बारीक सुईने काढलेलं भरतकाम. ह्यांनी ओल्या हाताने धरून वीत लावली. मासा करंगळीपासून अंगठ्यापर्यंत पुरेना. फाटकावरची रेघ ह्यांच्या वितीएवढीच होती, हे त्यांनी पहिल्याच दिवशी मोजून ठेवलं होतं. मालकीण कुठे दिसत नव्हती. वाटणाचा डबा माझ्या मांडीवर उघडा होता.

"लहान आहे गं," हे म्हणाले, आणि हात पाण्यात बुडवून उघडला. मासा क्षणभर तिथेच थांबला, मग नारळामागे गेला.

मी घरून बटाटे आणले होते, न सांगता. त्यांचे काप करून वाटण लावलं, रव्यात घोळवून तळले. भाताबरोबर ह्यांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्लं. उठताना मी म्हटलं, तो नारळ काढून घेऊ या का, मालकीण काय म्हणेल?

"राहू दे," हे म्हणाले. "मार्चला मोसम उघडला की येऊन बघू, कोंब फुटलाय का."

सोमवारी सकाळी घरात शीळ ऐकू आली. हे फिरकीचा गळ काढून, काठी घेऊन पार्कात गेले, गवतावर सराव करायला. बाहेर पाऊस होता, म्हणून मी धुतलेले टॉवेल खिडकीजवळच्या खुर्चीवर वाळत घातले.