कॅमेऱ्याचा प्रश्न

शाळा चौथीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका होतील आणि अक्षरही वाकडं येईल, कुणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. आज फळी पुसताना लेकीचं वकिलीच्या प्रवेश परीक्षेचं जाड पुस्तक हाती लागलं आणि बमरोलीच्या आमच्या भाड्याच्या खोलीतली ती दुपार आठवली. परीक्षेला आठ दिवस उरले होते आणि तर्काचे प्रश्न तिला जमत नव्हते. तिने पुस्तक आपटलं. "मम्मी, माझा नंबर नाही लागणार. मीपण येते तुझ्यासोबत साड्या तपासायला." कुकर गॅसवर चढवून मी तिच्याशेजारी बसले. "मला सांग तर खरं," मी म्हणाले. "तुला काय कळणार?" म्हणत तिने इंग्रजीतला प्रश्न मराठीत सांगितला: शहरात कॅमेरे बसवल्यावर चोऱ्यांच्या नोंदी दुप्पट झाल्या, म्हणजे कॅमेऱ्यांमुळे चोऱ्या वाढल्या, यात चूक कुठे? मी म्हणाले, "अगं, शेठने आमच्या टेबलावर नवी ट्यूबलाईट लावली, तेव्हा साड्यांवर दुप्पट डाग निघाले. डाग आधीही होतेच, आम्हाला दिसत नव्हते." तिने भराभर मागचं पान उघडून उत्तर पाहिलं आणि ती किंचाळलीच, "मम्मी, बरोबर! चाल ने, चल ना, अजून एक!" मग ती प्रश्न सांगत गेली आणि मी कधी नळाचं, कधी घरभाड्याचं उदाहरण देत गेले. त्या नादात कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचा लगदा झाला. निकालाच्या दिवशी मी कामावर असताना तिचा फोन आला, "मम्मी, आपला नंबर लागला!" चारचौघांत माझा आवाज अजूनही निघत नाही, पण त्या दिवशी मी कारखान्यातल्या आमच्या सगळ्या खात्याला ओरडून सांगितलं.