पंचकाकांचा अर्धा निवाडा

आमच्या ऑनलाइन मराठी फोरमवर कुणाचं वाजलं की खारबावहून पंचकाका हजर. हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. गावात बांधाचे, विहिरीचे तंटे मिटवून त्यांचा हात बसला होता. मी तेव्हा लग्न होऊन नुकतीच भिवंडीत आले होते. घराच्या दोन्ही बाजूंना कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट, शेजारणीशी बोलायचं तर ओरडून. निवांत गप्पा काय त्या फोरमवरच व्हायच्या.

काकांची पद्धत ठरलेली. "एकाची बाजू पुरी मांडायची, मंग दुसऱ्याची. मधी कोणी बोलायचं न्हाय." एका बोटाने टाइप करत ते पहिल्याची बाजू अशी रंगवत, की तो स्वतःही इतकं छान भांडला नसता. ती फोरमवर टाकून दुसरी लिहायला घेतली की खारबावची वीज जायची. मग काका तासन्तास गुडूप, आणि इकडे दुसरा पक्ष त्यांना पक्षपाती, विकलेला, काय वाटेल ते म्हणून मोकळा. वीज आली की काका शांतपणे उरलेलं टाकत आणि वर विचारत, जेवलात का सगळे?

एका वर्षी आम्ही सगळ्यांनी मिळून फोरमचा दिवाळी अंक काढायला घेतला. संपादक मी. नागपूरचे एक मास्तर म्हणाले, अंकात विनोद नकोत. मी म्हटलं, मग मीही नको. काका धावले. त्या दुपारी मी काकांचं वाचलं: विनोदाने अंक उथळ होतो, संपादकबाईंना साहित्याची पोच नाही. पुढे काहीच नाही. संध्याकाळपर्यंत वाट पाहून मी राजीनामा टाकला. माझ्यामागोमाग अंकाच्या कामातल्या बाकीच्या बायकांनीही टाकला. अंकाचं काम ठप्पच झालं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून मी भांडायला खारबावला गेले. काका ओट्यावर पुठ्ठ्याने वारा घेत बसलेले. ट्रान्सफॉर्मर जळाला होता. मी तोंड उघडायच्या आत काकूंनी तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी पुढे ठेवली, आणि काकांनी अडकलेली बाजू तोंडी सांगितली.

"ही पोर त्या गदारोळात दिवसभर एकटी बसते. तिला हसायला न्हाय मिळालं तं ती ऱ्हाईल कशी? अंक तिचाच हाय."

माझी बाजू माझ्या घरातही कुणी अशी मांडली नव्हती. तरी मी विचारलंच, की मग माझी बाजू आधी का नाही लिहिली?

"मास्तर लांबचा, पावना. त्याला आधी वाढायचं. तू घरची."

मी राजीनामा मागे घेतला. अंक निघाला, विनोदांसकट, आणि पहिला लेख मास्तरांचा घेतला.

काका गेले तेव्हा मास्तर नागपूरहून आले. ओट्यावर बसताच त्यांना हुंदका फुटला. मी त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, त्यांचं रडू पुरतं ओसरू दिलं. मग मी रडले.