रजिस्टरातला धंद्याचा रकाना

जुन्या कागदांचं असं असतं, एकानं दप्तर सोडलं की साऱ्या गावाला आपापला पणजोबा आठवतो. माझी नात शीतल घराण्याची पुस्तिका छापायची म्हणून शाळेच्या रजिस्टरातले उतारे काढायला लागली, आणि तिचं बघून निम्मं शेळगाव आपापल्या पुस्तिकेसाठी आमच्या ओसरीवर कागद घेऊन यायला लागलं. रजिस्टरात ‘पालकाचा धंदा’ असा रकाना. त्यातले शब्द आता पोरांना कळत नाहीत. मग काय, आजीला विचारा! मी शाळा बघितली नाही, पण ती माणसं बघितलेली. पतवंडाच्या झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायची, हातानं शेंगा फोडायच्या आणि तोंडानं सांगायचं. ही अंगठ्याची सवय मी माहेरूनच आणली. सासूबाई विचारायच्या, कुणी शिकवलं? मला सांगता यायचं नाही.

शेजारच्या बाजीरावांच्या नातवाच्या कागदावर ‘मोटकरी’. पोरगा इंजिनिअर. विहिरीचं पाणी बैलांनी ओढायचं, एवढं त्याला ठाऊक. “पण त्यात स्किल काय?” म्हणतो.

गळा! मोटकरी गाणं म्हणेल तेव्हाच बैल पाय उचलायचे. एकदा ह्याच्या पणजोबाचा घसा बसला. ऊस वाळायला लागला, तशी पणजीनं पदर खोचला आणि मोटेवर उभी राहून गायली. चौथ्या दिवशी पणजोबांचा घसा सुटला, पण बैलांनी त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पुढं जन्मभर मोट पणजीनंच हाकली. रजिस्टरात मोटकरी मात्र पणजोबा!

भवानीनगरहून साखर कारखान्यातले एक केमिस्ट आले. त्यांच्या कागदावर ‘गुळव्या’. गुऱ्हाळात काहिलीतला उकळता रस कधी उतरवायचा, ते ठरवणारा माणूस. त्यांनी विचारलं, थर्मामीटर असायचा का?

मी सांगितलं, दोन बोटं पाण्यात, मग पाकात, परत पाण्यात. बोटांत गोळी वळली की काहील खाली.

“भाजायचं नाही?”

“भाजत न्हाय तो गुळव्या. भाजतं तो मजूर.”

केमिस्टसाहेब बराच वेळ स्वतःची बोटं बघत बसले.

सुजाताबाई बँकेत मॅनेजर आहेत. त्यांच्या आजोबांपुढं ‘येसकर’. मी सांगायला लागले तशी त्यांनी हात वर केला. “वेस राखायची आणि गावाचे हुकूम झेलायचे, हे मला माहीत आहे आजी. माणूस कसा होता ते सांगा.”

मग मी माणूस सांगितला. मोजणीवाले साखळी घेऊन आले, दिवसभर बांधावर भांडले, आणि संध्याकाळी येसकरांनाच विचारायला गेले. त्यांनी बसल्या जागेवरून सांगितलं, कुठल्या बाभळीखाली हद्दीचा दगड पुरलाय. उकरलं तर वीतभर इकडं ना तिकडं!

सुजाताबाईंनी आपल्या पुस्तिकेत शब्द तोच ठेवला. खाली दगडाची गोष्ट घातली.

आता घरचंच. माझे धाकटे दीर तात्या. त्यांचे वडील म्हणजे माझे सासरे. कागदावर ‘कोंडवाडेवाला’. मोकाट जनावरं धरून कोंडायची. तात्या शीतलला म्हणाले, ‘पशुधन अधिकारी’ असं छाप.

मी म्हटलं, अधिकाऱ्यांनी एकदा स्वतःचीच गाय कोंडली होती. नियम म्हणजे नियम! सासूबाईंनी भांडण केलं नाही. दोन दिवस नुसता काळा चहा दिला. सासऱ्यांनी विचारलं तर म्हणाल्या, “दूध कोंडवाड्यात हाय.”

सगळे पोट धरून हसले आणि छापायला ‘कोंडवाडेवाला’च गेलं. तात्यांनी ते मनात ठेवलं.

मग आला माझ्या माहेरचा उतारा, सांगवीच्या शाळेतला, थोरल्या भावाच्या नावाचा.

माझा बा कॅनॉलच्या बंगल्यावर कामाला होता. मी सहा वर्षांची असताना गेला. फोटो नाही. आई एवढंच सांगायची, सायब कागद वाचायचा तेव्हा बा त्याच्या खोलीपाशी असायचा. माझं लग्न त्यावरच जमलं, सायबाच्या जवळच्या माणसाची लेक म्हणून. सासरी मी आयुष्यभर तेवढ्यावर मान ताठ ठेवली.

तात्या खुर्ची ओढून पुढं आले. “वाच गं पोरी. वैनींचा बा मामलेदार व्हता का कलेक्टर, बघू तरी.”

शीतलनं मनातल्या मनात वाचलं आणि कागदाची घडी घालायला लागली. “आजी, ‘कॅनॉल खात्यात नोकरी’ असं छापते मी.”

“काय लिव्हलंय ते वाच.”

“पंखेवाला.”

बाजीरावांच्या नातवानं विचारलं, म्हणजे पंखे दुरुस्त करायचे का? मला सांगता येईना. ओसरीवर पहिल्यांदाच!

तात्यांना माहीत होतं. पोरपणी त्यांनी एका बंगल्यावर बघितलेलं. “वीज कुठं व्हती तवा? आत सायबाच्या डोक्यावर कापडाचा लांब पंखा. त्याची दोरी भिंतीतनं भायेर. भायेर मानूस पडून ती दिसभर वढायचा.” तात्या हसत होते. “हात भरून यायचं, मग दोरी पायाच्या आंगठ्याला बांधायचा, आन्...”

तात्या थांबले. त्यांची नजर खाली माझ्या पायाकडं गेली. मग शीतलची. मग सगळ्यांची.

झोळी हलत होती.

शीतलनं हळूच विचारलं, “काय छापू आजी?”

“हाय तेच छाप,” मी म्हटलं. “आन् हळू बोला. पोर झोपलंय.”