बसून पाहिलेली खुर्ची

मामीचा फोन आला तेव्हा मी डहाणूला कॉलेजच्या वाचनालयात होते. "मामा गेले गं..." एवढंच ती बोलली. मला आधी आठवली ती माझी खुर्ची. लिहिताना संकोच वाटतो, पण तसंच झालं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. खाली बसून वाचताना पाठ दुखते, असं सहज म्हणाले, तर रानशेतच्या मामांनी माझ्यासाठी सागाची खुर्ची करायला घेतली. मामा सुतार. त्यांचा एक नेम होता. खुर्ची नवी असो की दुरुस्तीची, तिच्यावर स्वतः बसून कपभर चहा संपवल्याशिवाय ते ती कुणाला देत नसत.

या नेमापायी चिकूच्या एका वाडीतलं मोठं काम हातचं जाणार होतं. तिथल्या बंगल्यात फ्रान्सच्या खुर्च्या होत्या. कुण्या संस्थानिकाने महालासाठी पॅरिसच्या कारागिरांकडून घडवून घेतलेल्या, पुढे लिलावातून इथे आलेल्या. वळणदार पाय, त्यांवर कोरलेली पानं, पानांवर सोन्याचा वर्ख, बसायला गुलाबी रेशीम. एकीचा पाय वाळवीने खाल्ला होता, तो मामांनी नवा बसवला. त्या दिवशी मीही सोबत होते. मामा लुंगी झटकून बसायला निघाले तशा म्हाताऱ्या शेठाणी ओरडल्या, "अरे अरे! राजाची खुर्ची छे ती! बसलास तर बाकीच्या दुरुस्तीला देणार नाय."

"नका देऊ. पण ही बसल्याबिगर सोडायचा नाय मी."

शेवटी शेठाणींनीच रेशमावर टॉवेल अंथरला, चहा मागवला. मामा टेकले आणि बारीकशी कुरकुर ऐकू आली. कप तसाच धरून ते म्हणाले, "ऐकलं? राजा पडला असता, शेठाणी!" शेठाणींना हसू आवरेना. मग बाकीच्या खुर्च्याही मामांकडेच आल्या.

"माझ्या खुर्चीला पानं नाहीत?" मी चिडवायची.

"तू अभ्यास करणार का पानं बघत बसणार?"

पॉलिश झालं आणि मामा दवाखान्यात गेले, ते परत आले नाहीत. दिवसकार्य झालं तरी खुर्ची पडवीतच. मी मागितली नाही. मामी एकदा आपणहून म्हणाली, "बसले नाहीत ना ते तिच्यावर... कशी देऊ?"

गेल्या आठवड्यात मी गेले, तर मामीने चहा केला, कप घेऊन पडवीत गेली आणि पदर सावरून त्या खुर्चीवर बसली. तिने सावकाश चहा संपवला, जरा पुढेमागे झुकून कान दिला.

"ने आता," म्हणाली.

हे सगळं मी त्याच खुर्चीत बसून लिहिलं. चहा केव्हाच संपला, पण उठवत नाही...