डावा कल्ला

गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की तो लगेच कात्री उचलायचा नाही. मागे उभा राहून आरशात बघायचा. केसांकडे नाही, कानांकडे.

बोलताना कंगवा दातांत धरायचा. तरी शब्द स्पष्ट यायचे.

कात्री कुणाच्या हातात द्यायचा नाही. फळीवर ठेवायचा, समोरच्याने ती तिथून उचलायची.

चहा नेहमी अर्धाच प्यायचा. उरलेल्यावर बारीक केस तरंगू लागले की तोंड वाकडं करून दुसरा मागवायचा.

लहान मूल रडणार असं दिसलं की त्याच्याआधी स्वतः भोकाड पसरायचा. मूल गप्प होऊन बघत राहायचं.

दुकान रिकामं झालं की बाकावर बसून मोबाइलवर गेम खेळायचा. आवाज कायम बंद. दार वाजलं की खेळ तिथेच टाकून उठायचा. जिंकत असला तरी.

सगळे त्याला कल्लेदादा म्हणायचे. दोन्ही बाजूंचे कल्ले बरोबर होईपर्यंत तो माणसाला खुर्चीतून उठू देत नसे. "कुणाचेच दोन कान एका रेषेत नसतात," तो सांगायचा. "कानावरून मोजलंस तर फसलास." मग कशावरून मोजायचं, ते मात्र सांगायचा नाही.

मी साहित्यात एम.ए. केलं आणि नोकरी शोधू लागलो. दुपारी घरात बसवत नसे, म्हणून त्या दुकानातल्या बाकावर बसायचो, पेपर वाचायचो. त्याचं वय माझ्या दुप्पट असेल. मी वाचायचो आणि तो शेजारी बसून अंगठा चालवायचा.

"काय एम.ए., आज कोण गेलं?"

"तुमच्या ओळखीचं कुणी नाही."

"मग चालू दे."

मोबाइलवर खेळण्याजोगा गेम कोणता, यावर त्याची ठाम मतं होती. अर्ध्यात सोडता आला पाहिजे. एका अंगठ्यावर चालला पाहिजे. हरल्यावर हसू आलं पाहिजे. रंगीत पाणी या बाटलीतून त्या बाटलीत ओतायचा गेम त्याला पसंत होता. ठोकळे बसवायचाही चालायचा. मागे कुत्रा लागल्यासारखं पळायला लावणाऱ्या गेमचा त्याला राग होता.

"आपण बसलोय आणि हा म्हणतो पळ. थांबलास तर मेलास. हा गेम आहे की सासुरवाडी?"

"दाजी, ऐकू येतंय मला," गल्ल्यावरून त्याचा मेहुणा म्हणायचा. दुकान मेहुण्याचं होतं.

"तुला ऐकू यावं म्हणूनच बोललो."

एकदा मी त्याला केस कापायचा गेम दाखवला. पडद्यावर चित्रातलं डोकं, त्यावर बोट फिरवलं की केस गळायचे. चुकलं तर एक बाटली दाबायची, केस परत उगवायचे. त्याने जरा वेळ खेळून फोन माझ्या मांडीवर टाकला.

"परत उगवतात होय? मग काय, कुणीही होईल कारागीर."

त्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाच्या मानेवर ब्रश फिरवताना त्याच्या हातून ब्रश पडला. तो उचलायला वाकला आणि तसाच खाली बसला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. आम्हाला वाटलं, सोंग करतोय. मेहुणा हसलासुद्धा.

उजवी बाजू गेली. पाय काही आठवड्यांनी फरफटत का होईना, चालू लागला. बोलणं बरंचसं परत आलं. हात आला नाही.

घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची. ती म्हणाली, जे आवडतं ते उजव्या हाताने करा. त्याने मला निरोप पाठवला. मी गेलो तेव्हा तो खिडकीशी पलंगावर बसला होता. उजवा हात उशीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"बस," तो म्हणाला. "कात्री बघितलीस कधी?"

"रोज बघायचो."

"नाही बघितलीस. कात्रीचं एक पातं हलत नाही. दुसरं अंगठ्यावर चालतं. बाकीची बोटं नुसती धरून असतात. माझं सगळं दुकान या एका अंगठ्यात आहे. याला कामाला लावेल असा गेम शोध."

मी बरेच शोधले. बाटल्यांचा त्याने नाकारला, त्यात नुसतं टोचायचं असतं. ठोकळ्यांत सरकवायचं असतं, तेही नको. शेवटी बेडकाचा सापडला. नदीत दगड असतात. अंगठा दाबून धरला की बेडूक अंग आवळतो. सोडला की उडी मारतो. जास्त दाबलं तर दगडापलीकडे पडतो, कमी दाबलं तर अलीकडे. पडला की डुबुक असा आवाज. पैलतीराला पोचला की एक धून वाजते आणि पुढची नदी येते.

"हा," तो म्हणाला. "दाबायचं आणि वेळेवर सोडायचं. हीच तर कात्री."

खिडकीजवळची त्याची खुर्ची मेहुण्याने रिकामी ठेवली होती. तिच्यावर अंगावर घालायचं कापड पसरून ठेवलेलं. गिऱ्हाइकं थांबून राहायची, कुणी कंटाळून निघून जायचं, पण त्या खुर्चीवर दुसरा कारागीर लावला नव्हता. एक तरुण कारागीर विचारून गेला होता. मेहुण्याने त्याला झुलवत ठेवलं होतं.

"ताई म्हणते हात सुधारतोय," मेहुणा मला म्हणाला. "तू जातोस ना? खरं सांग."

मी म्हणालो, गेममध्ये तो माझ्या बराच पुढे गेलाय. ते खरं होतं. तोच गेम मीही घेतला होता, आणि माझे दोन्ही हात धड असूनही तो मला गाठू देत नव्हता. खेळताना तो खिडकीकडे तोंड करून बसायचा, मला नुसती पाठ दिसायची.

वहिनीचा, त्याच्या बायकोचा, चेहरा त्या दिवसांत पालटला होता. ती आत शिलाई मशीनवर कपडे दुरुस्त करायची. धून वाजली की मशीन क्षणभर थांबायचं.

"तुझ्या त्या बेडकाने डोकं उठवलंय," ती मला म्हणायची. पण रागावलेली नसायची.

एका दुपारी मी गेलो तेव्हा दार लोटलेलं होतं. चपला काढून आत आलो. त्याची पाठ माझ्याकडे होती. मी त्याच्या खांद्यावरून बघितलं. उजवा हात मांडीवर पालथा पडला होता. फोन डाव्या हातात होता, आणि डावा अंगठा सपासप चालला होता. बेडूक एकही दगड चुकत नव्हता. धून वाजली. आत मशीन थांबलं, पुन्हा सुरू झालं.

मग त्याला मी दिसलो.

  इतके दिवस मी त्याच्याकडे डुबुक ऐकलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. आणि दुकानात कधीही आवाज चालू न ठेवणारा माणूस इथे आवाज मोठा करून खेळत होता, हेही.

"पहिल्या दिवशी उजव्यानेच खेळलो," तो हळू आवाजात म्हणाला. "सारखं डुबुक, डुबुक. ती आत रडायला लागली. मशीन चालू ठेवून रडत होती, मला कळू नये म्हणून. मग एकदा डाव्याने खेळलो. धून वाजली, तर ती बाहेर येऊन म्हणाली, अहो, जमलं? मी काय सांगणार होतो?"

"पण दादा, ती मेहुण्याला सांगतेय."

"माहीत आहे."

"तो खुर्ची ठेवून बसलाय."

"माहीत आहे म्हटलं ना." त्याने फोन उलटा ठेवला. "तो सोमवारी बोलावतोय. एक डोकं करून दाखव म्हणतो, मग त्या पोराला नाही सांगतो. नाहीतर पोरगा त्या खुर्चीवर लागेल. मेहुण्याचंही काही चूक नाही. किती दिवस कापड झटकत बसेल तो?"

सोमवार जवळ नव्हता आणि लांबही नव्हता. मधले दिवस तो उजव्या हाताने खेळला. आवाज बंद करून. मी समोर बसायचो. अंगठा दाबला जायचा, पण सुटायचा नाही. बेडूक आवळून आवळून थरथरायचा आणि पलीकडे पाण्यात पडायचा. त्याच्या कपाळावर घाम यायचा. डाव्याने पार केलेल्या नद्या सोडून तो पहिल्या नदीवर परत आला होता. तीही पार होत नव्हती.

"आज बेडूक गप्प का?" आतून वहिनी.

"झोपलाय."

"बरा आहे ना?"

"बेडूक बरा आहे."

शुक्रवारी त्याच्या अंगठ्याने दोन दगड गाठले. मग तिसरा.  त्याने माझ्याकडे बघितलं, डाव्या हाताने आवाज चालू केला, आणि पुन्हा पहिल्या दगडावरून सुरुवात केली. डुबुक. डुबुक. मग एका खेपेला बेडूक पैलतीराला लागला आणि धून वाजली. आम्ही दोघं दाराकडे बघत राहिलो. या खेपेला मशीन थांबलं नाही. धुनीचं तिला एव्हाना काही वाटत नसावं.

"बघ," तो म्हणाला. "खरं होतं तर कुणी उठलं नाही." आणि हसला. ओढलेल्या तोंडाने हसला की ते हसू अर्धंच दिसायचं.

शनिवारी त्याने मला डोकं घेऊन यायला सांगितलं. हेच शब्द होते त्याचे. वहिनी बाजारात गेली होती. मागच्या गॅलरीत मी स्टुलावर बसलो. त्याने कठड्याला कंबर टेकवली. डाव्या हातात कंगवा. उजव्या हाताच्या बोटांत कात्री मीच बसवली. अंगठा तेवढा त्याने स्वतः कडीत घातला. त्याला वेळ लागला.

"आरसा नाही," मी म्हणालो.

"मला लागत नाही. तू हलू नकोस. आणि मुलाखत-बिलाखत आहे का लवकर?"

"कुठली मुलाखत!"

"मग बिघडलं तरी चालेल."

कात्री उघडली. मिटायला उशीर झाला. मग मिटली. केस खांद्यावर पडले, अगदी थोडे. तो उजव्या कानावरून सुरुवात करून वर गेला, पुन्हा खाली आला. मध्येच थांबायचा. मला त्याचा श्वास मानेवर लागायचा. एकदा पात्याचं टोक कानाला लागलं. तो सॉरी म्हणाला. त्याच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मग कल्ला आला. त्याने कात्री आडवी धरली, आणि ती एकदाच चालली. सरळ.

मी हात लावून बघितला. त्याच्याच हातचा होता. जुना.

"आज एवढंच," तो म्हणाला. "अंगठा दमला. डावी बाजू उद्या."

"आणि मी असा फिरू?"

"टोपी घाल. एम.ए.ला शोभेल."

"आणि सोमवार?"

"उद्या डावा जमला, तर सोमवार जमला." त्याने कात्री पुसून गॅलरीच्या फळीवर ठेवली. केस त्याने एका हाताने झाडून गोळा केले. मी वाकलो तर मला ढकललं.

रविवारी सकाळी मी टोपी घालून गेलो. बाहेर चपला खूप होत्या. मला वाटलं, पाहुणे आले असतील. दारात मेहुणा उभा होता. त्याने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. वहिनी सकाळी चहा घेऊन गेली होती, तो उठला नव्हता. झोपेतच दुसरा झटका आला, असं डॉक्टर म्हणाले. एवढंच मला कळलं. मी ते पुन्हा विचारलं. मेहुण्याने पुन्हा सांगितलं.

आत गेल्यावर मी टोपी काढली. का काढली कुणास ठाऊक, आत जाताना काढतात म्हणून असेल. लोक माझ्या डोक्याकडे बघू लागले. वहिनी भिंतीला टेकून बसली होती. तिनेही बघितलं. मी जवळ जाऊन बसलो.

"त्यांनी केलंय?" तिने विचारलं.

"हो."

"कुठल्या हाताने?"

मी तिच्याकडे बघितलं. तिने नजर हटवली नाही.

"उजव्या."

तिने हात पुढे केला आणि माझ्या उजव्या कल्ल्यावरून एक बोट खाली आणलं. कडेपाशी थांबली. मग तिने पदर तोंडात धरला.

सोमवारी दुकान बंद होतं. आता उघडलंय. तरुण कारागीर खिडकीजवळच्या खुर्चीवर काम करतो. परवा मी बाकावर जाऊन बसलो तेव्हा मेहुणा केस कापायचं मशीन हातात घेऊन आला.

"ये, सारखं करून देतो. किती दिवस असा फिरणार?"

"राहू दे."

त्याने जास्त आग्रह केला नाही. कात्री अजून गॅलरीच्या फळीवर आहे, वहिनीने हलवलेली नाही. उजवीकडचे केसही आता वाढायला लागलेत, कल्ल्याची रेघ पुसट होतेय. डावीकडे कानावर केस येतात. तिथे त्याने फक्त एकदा कंगवा फिरवून ठेवला होता.