चकचकीत वॉर्डातली हगवण

न्यूमोनियासाठी भरती केलेल्या लेकराले हगवण काहून लागली, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. आजूबाजूच्या दोन पलंगांवरही तेच. लेकराच्या आईवर तिची सासू मात्र घसरली होती. हिनंच हात न धुता पाजलं, म्हणे. दुलारी सुनेचं नाव, नवरा सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात. ती उलटून बोलायची नाही, नुसती नळावर हात धुवत राहायची. बोटांची सालं निघाली होती. मले पाहवत नव्हतं.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं, आमचा दवाखानाही नवा. मी इन्फेक्शन कंट्रोलची सिस्टर. म्हणजे पेशंटले दवाखान्यातूनच दुसरा आजार लागू नये, हे पाहणं माझं काम.

वॉर्ड तर चकचकीत. सिलतऱ्याकडची काळी धूळ सकाळी पुसली की दुपारी पुन्हा हजर, म्हणून मोठ्या डॉक्टरांनी पलंग दिवसभर पुसायले लावले होते. मी उभी राहून पाहू लागली. सफाईवाली मन लावून काम करून राहिली होती. आधी हगवणीच्या लेकराच्या पलंगाचा कठडा, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. फडकं एकच, बादली एकच.

लेकरांच्या हगवणीचा व्हायरस लोखंडावर, प्लास्टिकवर कित्येक दिवस टिकतो. नुसत्या पाण्यानं धूळ जाते, तो जात नाही. आधी साबण, मग ब्लीचचं पाणी, अन् तेही लगेच कोरडं करायचं नाही. आम्ही तर त्याले पलंगापलंगावर वाढून राहिलो होतो. सफाईवालीले बोलून काय फायदा? तिले सांगितलं तसं ती करत होती.

मी मोठ्या डॉक्टरांना जाऊन सांगितलं, त्यांनी ऐकलं. त्याच दिवशी दर पलंगाले वेगळं फडकं आलं, ब्लीच आलं, हगवणीची लेकरं वेगळ्या खोलीत गेली. दुलारीच्या लेकरासाठी मात्र उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी ते गेलं.

तिले खरं सांगते म्हटलं, तर डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, अस्पताल का नाम खराब होगा."

"सर, ती जन्मभर स्वतःले खुनी समजन."

मी सरळ दुलारीकडे गेली अन् सासूसमोरच सांगितलं, बीमारी आमच्या फडक्यानं आणली.

दुलारीनं आधी तळहात पाहिले. मग विचारलं, "त मोर हाथ ले नइ होइस, दीदी?" म्हणजे, माझ्या हातानं नाही झालं?

"नहीं."

तेव्हा कुठं ती रडली. सासू भिंतीशी खाली बसली.

त्या वॉर्डात मग नवी हगवण झाली नाही. डॉक्टर बरेच दिवस माझ्याशी बोलले नाही. नव्या सिस्टरांना मी दोनच गोष्टी सांगते. फडकं दर पलंगाले बदला. अन् चूक आपली असली, तर आईले आधी सांगा.